डोप चाचणी: नमुन्यापासून निवाड्यापर्यंत

खेळाडूच्या लघवीत किंवा रक्तात बंदी असलेले द्रव्य सापडले, की ते तिथे कसे आले याचा हिशेब खेळाडूलाच द्यावा लागतो. त्याने ते मुद्दाम घेतले, अजाणता घेतले, की कोणी त्याच्या खाण्यात मिसळले, हा विचार पुढे शिक्षा ठरवताना होतो. नियम मोडला गेला, हे मात्र नमुन्यातल्या अंशावरूनच ठरते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘वाडा’च्या संहितेचे हे मूळ तत्त्व आहे. फौजदारी खटल्यात आरोपीचा हेतू सरकार पक्षाला सिद्ध करावा लागतो. इथे तशी अट नाही. इतका कडक नियम लावायचा, तर नमुना घेण्यापासून निवाड्यापर्यंतची प्रत्येक पायरी स्वच्छ असलीच पाहिजे. खेळाडूच्या हाती बचावाचे दुसरे साधन फारसे उरत नाही.

हे नियम घडवण्यात सायकल शर्यतींचा वाटा मोठा आहे. १९६७ च्या टूर द फ्रान्समध्ये मॉन्त व्हाँतूचा चढ चढताना ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरात अ‍ॅम्फेटामाइन सापडले. १९९८ साली त्याच शर्यतीत फेस्टिना संघाच्या गाडीत उत्तेजकांचा साठा मिळाला. त्या खळबळीनंतर पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९९ मध्ये वाडाची स्थापना झाली. भारतात राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, ‘नाडा’, २००५ पासून आहे. तिच्या कामाला संसदेच्या कायद्याचा आधार मिळाला तो २०२२ साली.

महाराष्ट्रात सायकलिंग म्हटले की मुंबई–पुणे शर्यत आणि बोरघाट सर्वांत आधी गाठणाऱ्याला मिळणारा ‘घाटाचा राजा’ हा किताब आठवतो. डोपिंगचा विषय मात्र इथल्या घराघरांत पोहोचला तो कुस्तीमुळे. जालन्यासारख्या जिल्ह्यात तो अधिक जवळचा आहे. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरीचा आखाडा जालन्यात भरला आणि बुलढाण्याच्या बाला रफिक शेखने पुण्याच्या अभिजित कटकेला हरवून मानाची गदा उचलली. भोकरदन, अंबड, परतूर, घनसावंगीकडच्या तालमींतली पोरे त्या गदेचे स्वप्न पाहत वाढतात. त्यांच्या खुराकात आता दूध, तूप, बदामाबरोबर प्रोटीन पावडरीचे डबेही आले आहेत. गावजत्रेतल्या इनामी कुस्तीपुरता खेळणारा पैलवान या नियमांपासून लांब असतो, पण संघटनेच्या अधिकृत स्पर्धेत उतरला की नाडाचे नियम त्याला लागू होतात आणि नमुना कुठेही, कधीही मागितला जाऊ शकतो.

चाचणीची सुरुवात सूचनेने होते. नियंत्रण अधिकारी किंवा त्याचा सहायक ओळखपत्र दाखवून खेळाडूला सांगतो की त्याची चाचणी होणार आहे, आणि कागदावर त्याची सही घेतो. त्या क्षणापासून नमुना हाती येईपर्यंत खेळाडू नजरेआड होता कामा नये. बक्षीस समारंभाला जाणे, पुढची लढत खेळणे, दुखापतीवर उपचार घेणे, सोबतीला माणूस शोधणे अशा कारणांसाठी थोडा वेळ मागण्याचा हक्क त्याला आहे, पण तेवढा वेळही सहायक त्याच्याबरोबर राहतो. प्रशिक्षक, वस्ताद किंवा घरचे माणूस प्रतिनिधी म्हणून बरोबर नेता येते. भाषा कळत नसेल तर दुभाषा मागता येतो. खेळाडू अठरा वर्षांच्या आतला असेल तर त्याच्यासोबत मोठे माणूस असावे अशी खास तरतूद आहे. तालमीत राहणारी कितीतरी मुले याच वयाची असतात, म्हणून ही तरतूद वस्तादांनी आणि पालकांनी ठाऊक करून घ्यायलाच हवी.

नमुन्याचे भांडे आणि बाटल्यांचा संच खेळाडू स्वतः निवडतो. समोर ठेवलेल्या सीलबंद संचांपैकी कोणताही तो उचलू शकतो आणि सील फुटलेले दिसले तर दुसरा मागू शकतो. लघवी किमान ९० मिलिलिटर लागते, आणि ती देताना त्याच लिंगाचा अधिकारी समोर उभा राहून पाहतो. हा भाग संकोचाचा आहे, पण दुसऱ्याची लघवी लपवून आणण्याचे प्रकार घडल्यामुळेच तो आला. मग खेळाडू आपल्या हाताने नमुना ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्यांत ओततो आणि झाकणे लावतो. ही झाकणे एकदा बसली की प्रयोगशाळेतल्या खास यंत्राशिवाय उघडत नाहीत. उरलेल्या थेंबांवर लघवी फार पातळ नाही ना हे पाहिले जाते. पातळ असली तर पुन्हा नमुना द्यावा लागतो. शेवटी अर्ज भरला जातो. त्यात गेल्या सात दिवसांतली औषधे, इंजेक्शने आणि सप्लिमेंट लिहायची असतात. शेरा लिहायला जागाही असते.

ही शेऱ्याची जागा बहुतेक खेळाडू रिकामी सोडतात, आणि नुकसान होते ते तिथेच. सील नीट नव्हते, बाटली टेबलावर उघडी राहिली, अधिकारी मध्येच निघून गेला, असे काही झाले असेल तर त्याची नोंद त्याच वेळी त्याच कागदावर व्हायला हवी. ‘सर्व काही नियमाप्रमाणे झाले’ या ओळीखाली सही करून महिनाभराने तक्रार केली तर तिला वजन उरत नाही. अर्जाची प्रत खेळाडूला मिळते. प्रयोगशाळेकडे मात्र त्याचे नाव जात नाही, फक्त सांकेतिक क्रमांक जातो. तपासणाऱ्याला बाटली कोणाची हे कळू नये, यासाठी ही व्यवस्था आहे.

चाचणीला नकार देणे किंवा पळून जाणे हाही गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा नमुना दोषी निघाल्याइतकीच मोठी असू शकते. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत नाडाचे पथक आल्याची बातमी पसरली आणि पुरुषांच्या १०० मीटर अंतिम शर्यतीत एकच धावपटू धावला. बाकीचे मैदानात आलेच नाहीत. त्या एकट्या धावपटूला मिळालेल्या पदकाचे मोल किती, हा प्रश्न प्रामाणिक खेळाडूच्या बाजूने विचारायला हवा. चाचणी ही आधी त्याच्यासाठी असते.

वरच्या पातळीवरच्या खेळाडूंना स्पर्धेबाहेरही मोकळीक नसते. नोंदणीकृत यादीतल्या खेळाडूने रोज एक तास आपण नक्की कुठे असू हे आधी कळवायचे असते. बारा महिन्यांत तीनदा तिथे सापडला नाही, किंवा माहितीच दिली नाही, तर तोही नियमभंग ठरतो. व्यावसायिक सायकलपटूंवर याशिवाय रक्ताच्या ‘जैविक पासपोर्ट’ची नजर असते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने, म्हणजे यूसीआयने, २००८ साली तो सर्वांत आधी सुरू केला. यात एखादे द्रव्य शोधत नाहीत. त्या खेळाडूच्या रक्ताचे आकडे वर्षानुवर्षे नोंदवून त्यांत अनैसर्गिक चढउतार दिसतो का ते पाहतात. अशा रक्तनमुन्याआधी खेळाडूला किमान दहा मिनिटे शांत बसवावे लागते, आणि कसून सराव झाल्यावर दोन तास जाऊ द्यावे लागतात. घाई केली तर आकडे फिरतात आणि निर्दोष माणूस संशयात सापडतो.

प्रयोगशाळेत आधी ‘अ’ बाटली उघडतात. तीत दोष आढळला तर खेळाडूकडे औषधासाठी पूर्वपरवानगी होती का आणि नमुना घेताना किंवा तपासताना काही चुकले का, हे पाहून त्याला कळवले जाते. तो ‘ब’ बाटलीची तपासणी मागू शकतो, स्वतः हजर राहू शकतो किंवा प्रतिनिधी पाठवू शकतो. ‘ब’ने ‘अ’ला दुजोरा दिला नाही तर आरोप संपतो. अमेरिकी सायकलपटू टायलर हॅमिल्टनचे २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमधले सुवर्णपदक त्या वेळी असेच वाचले. त्याचा ‘ब’ नमुना प्रयोगशाळेने गोठवला होता, गोठल्याने रक्तपेशी फुटल्या आणि तपासणी शक्यच झाली नाही. पुढे त्याने स्वतः उत्तेजके घेतल्याची कबुली दिली आणि २०१२ मध्ये पदक काढून घेण्यात आले. दोषी माणूस निसटला याचे वाईट वाटते, पण ज्या पुराव्याची फेरतपासणी होऊ शकत नाही त्यावर शिक्षा दिली असती, तर पुढच्या प्रत्येक निर्दोष खेळाडूचे संरक्षण गेले असते.

स्पेनच्या इनिगो लँडालुझेची गोष्ट आणखी बारकाव्याची आहे. २००५ साली त्याने दोफिने लिबेरे ही फ्रान्समधली मानाची शर्यत जिंकली आणि त्याच्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण जास्त आढळले. ‘अ’ आणि ‘ब’ नमुने वेगवेगळ्या माणसांनी तपासावेत असा त्या वेळचा नियम होता. प्रयोगशाळेत एकाच व्यक्तीने दोन्हींत भाग घेतला होता. अशा वादांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने २००६ मध्ये त्याला सोडले, कारण या चुकीचा निकालावर परिणाम झाला नाही हे यूसीआयला दाखवता आले नाही. त्यानंतर २००९ च्या संहितेत नियम घट्ट झाला: चूक दाखवणे पुरेसे नाही, त्या चुकीमुळे नमुना दोषी आला असण्याची वाजवी शक्यता खेळाडूने दाखवली, तरच पुढची जबाबदारी संस्थेवर जाते. क्षुल्लक तांत्रिक चुकीवर सुटका नको, हे बरोबरच आहे. पण प्रयोगशाळेची कागदपत्रे वाचू शकेल असा तज्ज्ञ आणि वकील परवडणाऱ्या युरोपीय सायकलपटूला हे ओझे पेलते. शेतकऱ्याच्या घरच्या पैलवानाला ते तितके पेलत नाही. नियमांच्या समानतेत ही विषमता राहून गेली आहे.

चूक मोठी असेल तर काय होते, हे मणिपूरची वेटलिफ्टर संजिता चानू हिच्या प्रकरणात दिसले. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत दिलेल्या नमुन्यावरून मे २०१८ मध्ये तिला तात्पुरते निलंबित केले गेले. आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंग महासंघाच्या पत्रात नमुन्याचा क्रमांकच दोन ठिकाणी वेगवेगळा होता. नमुन्याच्या हाताळणीतल्या त्रुटी लक्षात घेऊन जून २०२० मध्ये आरोप मागे घेण्यात आला. मधली दोन वर्षे मात्र तिला कोणीही परत दिली नाहीत.

नरसिंग यादवचे प्रकरण याच्या नेमके उलटे आहे, आणि महाराष्ट्रासाठी सर्वांत महत्त्वाचे. मुंबईत घडलेला, महाराष्ट्र पोलीस दलात अधिकारी असलेला आणि २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी ठरलेला हा मल्ल. २०१५ च्या लास वेगास जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून त्याने ७४ किलो गटात भारताला रिओ ऑलिम्पिकची जागा मिळवून दिली. त्या जागेसाठी निवड चाचणी घ्यावी, ही प्रतिस्पर्धी मल्ल सुशीलकुमारची मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०१६ मध्ये फेटाळली. २५ जून रोजी सोनीपतच्या शिबिरात नाडाने नरसिंगचा नमुना घेतला आणि त्यात मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड सापडले. ‘ब’ नमुनाही तसाच निघाला, आणि काही दिवसांनी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यातही त्याचे अंश होते.

नमुना घेण्यात किंवा तपासण्यात चूक झाली, हा वादाचा मुद्दा नव्हता. नरसिंगचे म्हणणे होते की शिबिरातल्या कोणीतरी त्याच्या पेयात ते द्रव्य मिसळले. त्याच्या खोलीतल्या साथीदाराच्या नमुन्यातही तेच स्टेरॉइड सापडल्याने या म्हणण्याला लोकांच्या मनात बळ आले. नाडाच्या शिस्तपालन समितीने दोन दिवस सुनावणी घेऊन १ ऑगस्ट रोजी तो कटाचा बळी असल्याचे मान्य केले आणि त्याला पूर्ण दोषमुक्त केले. देशभर आनंद झाला, तो रिओला गेला. वाडाने मात्र आपला अपिलाचा हक्क वापरला. १८ ऑगस्ट रोजी, त्याच्या लढतीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाच्या रिओतल्या विशेष खंडपीठाने सुमारे चार तास सुनावणी घेतली आणि चार वर्षांची बंदी घातली.

लवादाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. द्रव्य शरीरात कसे आले हे खेळाडूने ‘घडले असण्याची शक्यता न घडल्यापेक्षा जास्त’ इतपत सिद्ध करायचे असते. ही कसोटी दिवाणी दाव्यासारखी आहे, फौजदारी खटल्याइतकी कठीण नाही. तरीही तीत नरसिंगची बाजू उतरली नाही. पहिल्या नमुन्यातले प्रमाण इतके जास्त होते की पाण्यात मिसळलेल्या पुडीपेक्षा गोळी तोंडावाटे घेतल्याचीच शक्यता अधिक, असे तज्ज्ञाचे मत पुढे आले. कोणी भेसळ केली असेल हे लवादाने अशक्य मानले नाही. पण त्यामागे ठोस पुरावा नाही, असे म्हटले.

या निकालाची चीड इथल्या अनेकांना आली. ती समजण्यासारखी आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्यात. खेळाडूची पुण्याई, त्याची मेहनत, त्याच्यावर झालेली अन्यायाची छाया यांवर समितीचा निर्णय झुकू लागला, तर उद्या दुसऱ्या देशाच्या समितीने आपल्या मल्लाला असेच सोडल्यावर तक्रार कोणत्या तोंडाने करणार? दुसरीकडे, कारकीर्द उलथवणारा निवाडा लढतीच्या तोंडावर काही तासांत व्हावा, बचावाचे साक्षीदार हजारो कोसांवर असताना व्हावा, हे न्यायाचे चांगले रूप नव्हे. पहिल्याच टप्प्यावर, भारतातच, वैज्ञानिक पुराव्याची नीट छाननी झाली असती तर निकाल कदाचित तोच लागला असता, पण तो नरसिंगला आणि त्याच्या माणसांना पटण्याजोगा लागला असता.

त्याचे नाव सुनावणीआधीच वर्तमानपत्रांत झळकले होते. गोपनीयता हा न्याय्य प्रक्रियेचा भाग आहे आणि तो सर्वांत सहज मोडतो. ब्रिटिश सायकलपटू ख्रिस फ्रूमच्या बाबतीतही तेच घडले. सप्टेंबर २०१७ मध्ये स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत दम्याचे औषध सालब्यूटामॉल त्याच्या लघवीत मिलिलिटरमागे २००० नॅनोग्रॅम आढळले. मर्यादा १००० ची होती. या औषधाचा ठरावीक प्रमाणात इनहेलर घ्यायला परवानगी असल्याने त्याच्याकडे आधी गुप्तपणे खुलासा मागितला होता. डिसेंबरमध्ये बातमी फुटली. शरीरातले पाणी घटल्याने लघवी घट्ट झाली होती, हे धरून आकडा १४२९ वर आला, परवानगी असलेल्या इनहेलरनेही तेवढे प्रमाण येऊ शकते हे मानले गेले आणि जुलै २०१८ मध्ये, वाडाच्या संमतीने, प्रकरण बंद झाले. तोवर रस्त्याकडेच्या प्रेक्षकांनी त्याला दोषी ठरवून टाकले होते.

दम्याच्याच औषधांच्या गटातले टर्ब्युटालाइन मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याला नडले. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी त्याने दिलेल्या नमुन्यात ते सापडले. खोकल्याचे औषध दुकानातून घेतल्याचे त्याने सांगितले. बीसीसीआयने जुलैच्या शेवटी आठ महिन्यांची बंदी जाहीर केली, पण ती १६ मार्चपासून मोजली. मधल्या काळात तो आयपीएल खेळून झाला होता. शिक्षा योग्य होती की नाही यापेक्षा मोठा प्रश्न असा की नमुना घेण्याची व्यवस्था, आरोप आणि निवाडा हे सारे एकाच मंडळाच्या हाती होते, आणि त्या मंडळाचे हितसंबंध त्याच खेळाडूत गुंतलेले होते. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने यावर बोट ठेवले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये बीसीसीआयने नाडाच्या कक्षेत येण्याचे मान्य केले. सायकलिंगने हाच धडा आधी घेतला होता. यूसीआयने चाचण्यांचे काम आधी वेगळ्या प्रतिष्ठानकडे आणि २०२१ पासून स्वतंत्र आंतरराष्ट्रीय चाचणी संस्थेकडे सोपवले. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्याच्या घाटांतून गेलेली पुणे ग्रँड टूर ही बहुटप्पा शर्यत यूसीआयच्या वेळापत्रकातली. अशा शर्यतीत उतरणारा भारतीय सायकलपटू याच आंतरराष्ट्रीय चौकटीत येतो.

भारताची घडी अजून बसते आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय डोप चाचणी प्रयोगशाळेची मान्यता दर्जाच्या त्रुटींमुळे वाडाने ऑगस्ट २०१९ मध्ये स्थगित केली आणि ती डिसेंबर २०२१ मध्ये परत मिळाली. तोवर इथले नमुने परदेशी पाठवावे लागले. २०२२ च्या कायद्यात नाडावर आणि अपील समितीवर देखरेख करणारे सरकारी मंडळ होते. त्याला वाडाने हरकत घेतल्यावर २०२५ मध्ये कायदा बदलून अपील समितीची स्वायत्तता स्पष्ट केली गेली. २०२४ मध्ये भारतात सुमारे ७१०० नमुने तपासले गेले आणि त्यांपैकी २६० दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत वरचे होते.

या आकड्यात जाणूनबुजून फसवणारे आहेत, तसे जिमच्या काउंटरवरून डबा उचलणारे आणि मेडिकलमधून खोकल्याचे औषध घेणारेही आहेत. डब्यातली भेसळ सिद्ध झाली तर शिक्षा कमी होऊ शकते, पण त्यासाठी पावती, बॅच क्रमांक आणि न फोडलेला त्याच बॅचचा डबा लागतो. डॉक्टरने बंदी असलेले औषध दिले तर ते घेण्याआधी नाडाकडे परवानगीचा अर्ज करता येतो. जीव धोक्यात असताना घेतले तर नंतरही करता येतो. जालन्याच्या तालमीत यासाठी वकील लागत नाही. पावती जपणारा वस्ताद, आपण खेळाडू आहोत हे डॉक्टरला आधी सांगणारा मुलगा आणि सही करण्यापूर्वी शेऱ्याची जागा वाचून दाखवणारा प्रतिनिधी एवढे लागते. आरोप झाल्यावर सुनावणी आणि अपील यांच्या मुदती नोटिशीतच दिलेल्या असतात, आणि त्या पत्र मिळाल्याच्या दिवसापासून सुरू होतात.